बिळापासून बॉनेटपर्यंत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत उंदरांवर लेख कशाला, असं काही सभासद विचारतील. प्रश्न रास्त आहे. स्मरणिकेत पहिल्या कमिटीचे फोटो असावेत, गणेशोत्सवाच्या आठवणी असाव्यात, बालगोपाळांची चित्रं असावीत. ते सगळं या अंकात आहेच. पण गेल्या काही वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं चाळली, तर गच्चीची गळती आणि पाण्याचे टँकर यांच्या बरोबरीने एक विषय सारखा दिसतो: पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, त्याचं काय करायचं? या विषयावरून सभेत आवाज चढले आहेत. कुणी कबुतरांना दाणे टाकायचे यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं आहे. भिशीत आणि कट्ट्यावर यावर जितकी चर्चा झाली, तितकी निवडणुकीवरही झाली नसेल.

म्हणून हा लेख. गाडीची वायर कुरतडणारा उंदीर ही गेल्या दहा-पंधरा वर्षांची तक्रार वाटते, पण माणूस आणि उंदीर यांचा हा संसार फार जुना आहे. आपल्या मुंबई-ठाण्याकडे तर तो सव्वाशे वर्षं सरकारदरबारी नोंदलेला आहे. त्या नोंदींमधून आपल्या पार्किंगसाठी काही शिकण्यासारखं आहे का, एवढंच बघायचं आहे.

आधी पाहुण्याची ओळख

आपण सरसकट 'उंदीर' म्हणतो, पण आवारात निदान तीन मंडळी असतात. पहिला घरातला काळा उंदीर. हा अंगाने सडपातळ आणि चढण्यात पटाईत. पाइप, वेल, केबल, काहीही चढतो. दुसरी घूस. ही जमीन पोखरते, गटाराच्या कडेने राहते आणि आकाराने कधीकधी मांजरीलाही विचारात पाडते. घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात. तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर या शब्दावरून गेला आहे, म्हणजे इंग्रजांना हे नाव आपल्या दख्खनेनेच दिलं. तिसरी चिचुंद्री. ती खरं तर उंदीर नाहीच, किडे खाणारा वेगळाच प्राणी आहे. बॉनेटखालच्या उद्योगात तिचा हात सहसा नसतो, पण मार मात्र तिलाही बसतो.

कुरतडण्याचं कारण भूक हे एकच नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, वर्षाला साधारण दहा-बारा सेंटिमीटर. त्या दातांच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल असतं, मागची बाजू मऊ असते. त्यामुळे चावताना मागची बाजू आधी झिजते आणि दात पटाशीसारखे आपोआप धारदार होत जातात. कुरतडणं थांबलं तर वाढत्या दातांमुळे तोंड मिटणंही कठीण होईल. लाकूड, साबण, पुस्तकं, शिशाचे पाइप, प्लॅस्टिक, जे समोर येईल ते तो कुरतडतो. त्यात मादीची गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची. आसरा आणि अन्न मिळालं, की एका जोडीचं कुटुंब एका पावसाळ्यात कुठल्या कुठे जातं.

आसरा आणि अन्न हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते.

मांडवी, 1896

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाचं निदान केलं: प्लेग. गोव्यात जन्मलेल्या या डॉक्टरांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आहे. आपल्यापैकी कित्येकजण त्याच्या शेजारून रोज गेले असतील. मांडवी हा बंदराला लागून असलेला गोदामांचा भाग. धान्याची पोती, दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, उघडी गटारं. उंदरांना आणखी काय हवं? हाँगकाँगकडून येणाऱ्या जहाजांबरोबर रोग आला असं सामान्यपणे मानलं जातं, पण तो टिकला आणि पसरला तो इथल्या गोदामांच्या आणि घरांच्या रचनेमुळे.

गंमत म्हणा की दुर्दैव, तेव्हा रोगाचा जंतू माहीत होता. अलेक्झांडर येर्सिन यांनी तो 1894 मध्येच हाँगकाँगला शोधला होता. पण जंतू माणसापर्यंत कसा पोहोचतो हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे सरकारने दिसेल त्यावर घाव घातले. गटारांमध्ये कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी सोडलं, घरांना चुना फासला, छपरं उचकटली, अंथरुणं-पांघरुणं जाळली, माणसांना घरातून काढून छावण्यांत नेलं. गटारांत पाणी सोडलं की त्यातले उंदीर वर येऊन घरांत शिरायचे, आणि ज्याच्या अंगावर पिसू होती तो उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात आपला निघून जायचा. भीतीने लाखो माणसं मुंबई सोडून गेली.

पुण्यात याचं काय झालं ते शाळेत आपण शिकलो आहोत. 1897 चा साथरोग कायदा, घराघरांत शिरणारे सोल्जर, कमिशनर रँड, आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याच्यावर झाडलेली गोळी. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. तोच 1897 चा कायदा कोविडच्या वेळी, 2020 मध्ये, पुन्हा कपाटातून काढला गेला.

उत्तर सापडलं ते 1898 मध्ये कराचीत. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं, की प्लेग उंदराकडून उंदराकडे आणि माणसाकडे जातो तो उंदराच्या अंगावरच्या पिसवेमार्फत. सुरुवातीला त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. 1905 नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकांनी प्रयोगांनी ते पक्कं केलं. ही परळची प्रयोगशाळा म्हणजे वाल्डेमार हाफकिन यांची. त्यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणतो. तोवर देशात प्लेगने लाखोंचे बळी घेतले होते. साथ ओसरेपर्यंत हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला.

या साथीने मुंबईचा नकाशाही बदलला. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून वारा खेळेल असे रुंद रस्ते काढायचे, नव्या वसाहती वसवायच्या, असं त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याची देणगी. त्यात गरिबांची जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खरा होता.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. प्लेगनंतर घरांची टंचाई, भाडी आणि अस्वच्छता यांवर शहरात चर्चा सुरू असतानाच, 1915 मध्ये गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आपल्या देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची ती सुरुवात मानतात. म्हणजे आपण ज्या 'सोसायटी' नावाच्या घरात पंचवीस वर्षं राहतो आहोत, ती कल्पना मुंबईत रुजली तो काळ प्लेगच्या सावलीतलाच होता. हवा, उजेड, पाणी, गटार आणि कचरा या गोष्टी एकट्यादुकट्याने सांभाळता येत नाहीत, त्या मिळून सांभाळाव्या लागतात, हे त्या पिढीला कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

शेपटीचा हिशेब

मग उंदीर मारून टाकावेत, हा सरळ उपाय का नाही? तोही करून झाला आहे.

1902 मध्ये व्हिएतनाममधल्या हनोई शहरात फ्रेंच सरकारने उंदीर मारण्यासाठी बक्षीस लावलं. मेलेला उंदीर आणायची गरज नाही, नुसती शेपटी आणा आणि पैसे घेऊन जा. शेपट्यांचे ढीग येऊ लागले, सरकार खूश झालं. काही दिवसांनी अधिकाऱ्यांना शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक उंदीर पकडून शेपटी कापत आणि सोडून देत, म्हणजे पिल्लं होत राहतील आणि धंदा चालू राहील. शहराबाहेर तर चक्क उंदरांची पैदास सुरू झाली होती. योजना गुंडाळावी लागली.

आपल्या मुंबई महापालिकेची पद्धत त्यापेक्षा प्रामाणिक आणि फार कष्टाची. महापालिकेत रात्री उंदीर मारणारे कर्मचारी असतात, मूषक संहारक. एका हातात काठी, दुसऱ्या हातात विजेरी, आणि एका रात्रीत 30 उंदीर मारण्याचं लक्ष्य. बाजार, गल्ल्या, घरगल्ल्या इथे ही माणसं रात्रभर फिरतात. त्यांच्यावर मिरियम चांडी मेनाचेरी यांनी 'द रॅट रेस' नावाचा माहितीपटही केला आहे. त्यांच्या कामाबद्दल आदरच वाटतो. पण ज्या गल्लीत रोज रात्री हॉटेलचं खरकटं पडतं, तिथे आज 30 मारले तर पुढच्या महिन्यात जागा भरून निघते. दोष त्या काठीवाल्याचा नाही. तो एका बाजूने बादली रिकामी करतो आणि नळ मात्र चालूच असतो.

विषाचीही हीच कथा. 1948 मध्ये अमेरिकेत वॉरफरिन हे रक्त न गोठू देणारं औषध उंदरांसाठी बाजारात आलं. उंदीर फार सावध असतो, नवं खाणं आधी थोडंसं चाखून बघतो. लगेच त्रास झाला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. वॉरफरिनचा परिणाम काही दिवसांनी होत असल्याने ही सावधगिरी निकामी ठरली. मग काही ठिकाणी त्या विषाला दाद न देणारे उंदीर निपजले आणि त्याहून जहाल विषं आली. ती खाल्लेला उंदीर मेला, की त्याला खाणारी मांजर आणि घुबडंही धोक्यात येतात. म्हणजे उंदराचे नैसर्गिक शत्रूच आपण कमी करतो. शिवाय पिवळ्या फॉस्फरसची जी पेस्ट दुकानात मिळते ती मुलांच्या हाती लागली तर यकृत निकामी होऊ शकतं. ती सोसायटीच्या आवारात नकोच.

मामला आणि सुरत

1994 हे वर्ष आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपाच्या धास्तीने लोक घरं सोडून बाहेर राहत होते, धान्य घरातच पडून होतं, त्यावर उंदीर माजले, असं कारण तेव्हा मांडलं गेलं. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. आधी पूर येऊन गेला होता, कचरा आणि मेलेली जनावरं पडून होती. काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून पळाले. मुंबईत लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडत होते आणि औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेनासं झालं होतं.

पण सुरतेची गोष्ट तिथे संपत नाही. 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, कचरा रोजच्या रोज उचलायला लावला, उघड्यावर घाण करणाऱ्या हॉटेलांना दंड केला, झोपडपट्ट्यांत संडास आणि फरसबंदी केली. यात मुद्दाम उंदीर मारण्याची मोठी मोहीम नव्हती. दोनेक वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. मांडवीपासून सुरतेपर्यंत शंभर वर्षं लागली, पण धडा तोच: अन्न आणि आसरा काढून घ्या, उंदीर आपोआप कमी होतो.

आता गाडीकडे वळू

जुन्या फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट ज्यांनी उघडून पाहिलं आहे त्यांना आठवेल, आत इंजिनच्या आजूबाजूने खालची जमीन दिसायची. कार्बुरेटर, बॅटरी, डायनॅमो, चार प्लगच्या जाड वायरी आणि दिव्यांच्या थोड्या. उंदराने वायर तोडलीच, तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक ती जोडून वर काळी टेप गुंडाळायचा आणि गाडी चालू. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती पडली, तिचंही बॉनेट तसं सुटसुटीतच होतं.

आपली सोसायटी नोंदवली गेली त्याच सुमारास गाड्या बदलू लागल्या. 2000 पासून प्रदूषणाचे नवे निकष आले. कार्बुरेटर जाऊन इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली, तिच्यासाठी कॉम्प्युटर आला, कॉम्प्युटरला माहिती पुरवायला सेन्सर आले. मग एबीएस, एअरबॅग, आणि 2020 पासून बीएस-6. प्रत्येक सेन्सरची एक बारीक वायर, आणि अशा कित्येक वायरींची एक जुडी. तिला मेकॅनिक 'वायरिंग किट' किंवा हार्नेस म्हणतात. यातली एक वायर तुटली तरी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी रुसते. टेप गुंडाळून भागत नाही. अनेकदा सगळी जुडीच बदलायला सांगतात आणि बिल पाच आकडी होतं. म्हणजे उंदराची सवय तीच राहिली, नाजूक झाली ती आपली गाडी. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तिच्याबरोबर ती टेपवाली दुरुस्तीही गेली म्हणायची.

उंदराच्या नजरेने बघितलं तर बॉनेटखालची जागा म्हणजे फर्निश्ड फ्लॅट. नुकती बंद केलेली गाडी रात्रभर ऊब देते. अंधार आहे, पाऊस लागत नाही, मांजर आत शिरू शकत नाही. घरट्यासाठी बॉनेटच्या आतला मऊ थर फाडायला मिळतो. वर जायला टायर आणि सस्पेन्शनचा जिना आहे. शेजारच्या कचऱ्यातून आणलेला पोळीचा तुकडा किंवा नारळाची कवड निवांत बसून खायला बॅटरीचा ओटाही आहे. तिथून हवेच्या वाटेने एसीच्या फिल्टरपर्यंत पोहोचतो, आणि मग सकाळी एसी लावला की गाडीभर वास.

हल्ली असंही ऐकू येतं, की नव्या वायरींच्या कव्हरमध्ये सोयाबीनपासून केलेला माल असतो म्हणून उंदीर ती खातात. मोटारीत सोयाबीन वापरण्याची कल्पना जुनी आहे. हेन्री फोर्ड यांनी 1941 मध्ये सोयाबीनचा वापर असलेल्या प्लॅस्टिकची गाडी लोकांना दाखवली होती. अमेरिकेत 2016 मध्ये टोयोटावर याच मुद्द्यावरून ग्राहकांनी दावाही लावला. उंदीर सगळ्याच प्रकारच्या वायरी कुरतडतात, असं मोटार कंपन्यांचं म्हणणं असतं. हा वाद कसाही सुटो, उंदीर सोयाबीन येण्याआधीपासून रबर आणि शिसंही कुरतडत आला आहे, हे आपण वर पाहिलंच. होंडा कंपनीने तिखटाचा अर्क असलेली टेप काढली आहे, ती वायरींवर गुंडाळतात. थोडाफार उपयोग होतो.

आणि हे दुखणं आपलं एकट्याचं आहे असंही नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये मार्टेन नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी गाड्यांच्या वायरी आणि रबरी नळ्या चावतो. तिथल्या विमा पॉलिसीत त्याच्या नुकसानीचं वेगळं कलमच असतं. कॅलिफोर्नियात मिनरल किंग नावाच्या डोंगराळ भागात मार्मट नावाच्या मोठ्या खारी गाड्यांच्या नळ्या तोडतात. तिथे फिरायला जाणारे लोक अख्खी गाडी खालून ताडपत्रीने गुंडाळून ठेवतात. परदेशात गेलेल्या आपल्या मुलांकडूनही अशा गोष्टी ऐकायला मिळतात.

आपल्या आवारातली पंचवीस वर्षं

आपण इथे राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला भातखाचरं होती आणि पार्किंगमध्ये बहुतेक स्कूटर. घुशी होत्या, पण त्या शेताच्या बांधावर. मागे इमारती उठल्या, खाचरं गेली, आणि घुशी आपल्या गटाराकडे सरकल्या. दरम्यान स्कूटरच्या जागी गाड्या आल्या. पुढे शेजारची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. तिचा पाया खणला त्या वर्षी आपल्याकडे अचानक उंदीर वाढले. बिघडलेला समतोल म्हणा, विस्थापित म्हणा, ती मंडळी आमच्याकडे राहायला आली. 2020 च्या टाळेबंदीत महिनोन्महिने गाड्या जागच्या हलल्या नाहीत आणि बॉनेटखाली कुटुंबंच्या कुटुंबं नांदली. त्यानंतर घरून काम करण्याची पद्धत पडली, तेव्हापासून काही गाड्या आठवडाभर हलत नाहीत. तक्रारी सगळ्यात जास्त त्याच गाड्यांच्या.

सभासदांनी केलेले उपाय हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कुणी बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या टांगल्या. कुणी डांबराच्या गोळ्या ठेवल्या, त्यांचा वास एसीतून गाडीत येऊन डोकं दुखायला लागलं. कुणी आवाजाचं यंत्र आणलं. सुरुवातीचे काही दिवस उंदीर बिचकले, मग त्यांना त्याची सवय झाली. एका काकांनी चिकट पॅड ठेवलं, त्यात आधी चिमणी अडकली. ए विंगने विष ठेवलं त्या आठवड्यात मेलेला उंदीर लिफ्टच्या खड्ड्यात सापडला आणि तो काढायला कुणी तयार नव्हतं. शेवटी आपल्या सफाईवाल्या मावशींनी हाताने काढला. हे आपल्याला शोभणारं नव्हतं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत त्याने किती जीव घेतले ते आपण पाहिलं आहे. ज्या बाईंची गाडी नाही, त्यांनी आपल्या गाड्यांसाठी तो धोका का पत्करायचा?

या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान होती. प्रत्येकाने आपापली गाडी वाचवली आणि उंदीर शेजारच्या गाडीत गेला. मांडवीत हेच झालं होतं.

फरक पडला तो मागच्या दोन-तीन वर्षांत, जेव्हा कमिटीने गाडीऐवजी आवाराकडे बघायला सुरुवात केली. कचऱ्याच्या खोलीला खालून पत्रा लावलेलं दार बसलं आणि ओला कचरा रात्री बाहेर ठेवणं बंद झालं. गटारांच्या तोंडांना बारीक जाळी आली. उंदराच्या पिल्लाला बोटभर फटही पुरते, त्यामुळे जाळी बारीकच हवी. पार्किंगच्या भिंतीलगतचं भंगार, जुन्या गाद्या आणि रिकामी खोकी काढली. बिळं बुजवताना नुसती माती न भरता काच आणि सिमेंट भरलं. कबुतरांच्या दाण्यांचा प्रश्न सगळ्यात नाजूक होता. एका आजींसाठी तो श्रद्धेचा विषय होता. त्यांच्याशी भांडण न करता दोन-तीन जणी जाऊन बोलल्या, आणि आजींनी स्वतःच ते बंद केलं. खरं सांगायचं तर हा आपल्या सोसायटीच्या इतिहासातला एक चांगला दिवस होता.

तक्रारी संपल्या नाहीत, पण कमी झाल्या. अजून एक-दोन कोपरे बाकी आहेत आणि मागच्या गटाराचं काम पालिकेकडे अडलेलं आहे.

गाडीवाल्यांसाठी थोडं व्यवहाराचं. उभी गाडी दोन-तीन दिवसांतून एकदा तरी हलवा आणि आठवड्याला बॉनेट उघडून बघा. लेंड्या, कागदाचे कपटे, खरकटं दिसलं तर लगेच साफ करा. हातमोजे घाला, नाकातोंडाला मास्क लावा, आणि लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडून मग पुसा. गाडीत वेफर्स-बिस्किटं ठेवू नका. पिवळा दिवा लागला किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी रेटून सुरू करू नका. चावलेली नळी इंधनाची असेल तर आगीचा धोका असतो. दुरुस्तीआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात हे नुकसान बसत नाही, तेव्हा आपली पॉलिसी कोणती आहे आणि त्यात काय लिहिलं आहे ते एकदा वाचून ठेवा.

हिरण्यकाचा ठेवा

पंचतंत्रात हिरण्यक नावाच्या उंदराची गोष्ट आहे. संन्याशाने भिक्षेचं पात्र कितीही उंच टांगलं तरी हा उडी मारून तिथे पोहोचायचा. काठी आपटून काही होईना. शेवटी एका पाहुण्याने विचारलं, एवढ्याशा उंदराला एवढी मोठी उडी जमते कशी? याच्या बिळाखाली काहीतरी ठेवा असला पाहिजे. खणलं, ठेवा सापडला, तो काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून हिरण्यकाची उडीच संपली.

मांडवीची गोदामं, मामल्याची घरं, सुरतेचा कचरा, आणि आपल्या पार्किंगमधली रात्रीची उघडी बादली, हे सगळे त्या उंदराचे ठेवे. एकट्याने काठी आपटून ते निघत नाहीत. एका विंगने काढले आणि दुसरीने ठेवले तरी उपयोग नाही. त्यासाठीच तर 1915 पासून माणसं सोसायट्या करून राहत आली आहेत.

उंदीर शंभर टक्के जातील असं कुणी म्हणू नये. ते जाणारही नाहीत. बाप्पाच्या पायाशी त्यांची जागा कायमची आहे, आणि दर भाद्रपदात आपल्याच मांडवात आपण त्यांच्यापुढेही मोदक ठेवतो. तिथे त्यांनी सुखाने राहावं. बॉनेटखाली मात्र त्यांना वर्षभराचं भाडेपत्र मिळू नये, एवढं बघणं आपल्या हातात आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत गाड्या विजेवर चालतील, त्यांच्यात वायरी आणखी असतील. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या विषयावर लेख लिहायची कुणावर वेळ येऊ नये, ही सर्व सभासदांना आणि येणाऱ्या कमिट्यांना मनापासून शुभेच्छा.